काटकसरीची उधळपट्टी

वीजबचतीच्या योजनेचा पहिला परिणाम म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला विजेचा खप वाढतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत देशभर 36 कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. पिवळा बल्ब जाऊन पांढरा आला, वीज खरोखरच वाचली. पण दिवा हप्त्यावर घ्यायचा तर वीजबिलाची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि वर पत्त्याचा पुरावा, म्हणजे नऊ वॅटच्या दिव्यामागे कागदांचा गठ्ठा. फेब्रुवारी 2024 पासूनच्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावर तीन किलोवॉटचे पॅनल बसवले, तर 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. ते खात्यात यायचं म्हणून खातेक्रमांक लागतो, आणि पॅनल छतावर बसणार म्हणून छतही दाखवावं लागतं. इथपर्यंत तक्रार नाही. पण आपल्याकडचा कुठलाही अर्ज तेवढ्यावर थांबत नाही. त्याला वडिलांचं किंवा पतीचं नाव हवं असतं. वडिलांनी जन्मभर ‘दिवे बंद करा’ म्हणून ओरडून वीज वाचवली, हे खरं. पण त्यापलीकडे त्यांचा छतावरच्या पॅनलशी संबंध काय? माझं म्हणणं एवढंच आहे, की जी शिस्त ही योजना विजेला लावते, तीच तिनं माहितीलाही लावावी. लागेल तेवढीच घ्यावी, आणि काम झालं की बटण बंद करावं.

अर्जातली माहिती निदान आपण हातानं भरतो. नवा स्मार्ट मीटर ती न विचारता भरतो. जुना मीटर महिन्याकाठी एकच आकडा सांगायचा, तोही रीडिंग घेणाऱ्याला दिसला तर. नाहीतर ‘सरासरी’ होतीच. स्मार्ट मीटर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासानं नोंद ठेवतो, आणि 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार त्याचं वाचन दिवसातून निदान एकदा दुरूनच होतं. पहाटे पाचला गीझर लागतो, दुपारभर टीव्ही चालतो, मेमध्ये दहा दिवस नुसता फ्रिज गुरगुरतो. म्हणजे मंडळी गावी गेली आहेत. ही शंका माझी नाही. एकूण वीजवापराच्या आलेखावरून घरातली उपकरणं ओळखण्याचं तंत्र ज्या जॉर्ज हार्ट यांनी एमआयटीत विकसित केलं, त्यांनीच 1989 मध्ये लेख लिहून बजावलं, की याचा उपयोग पाळतीसाठी होऊ शकतो. न्यायानं हेही सांगायला हवं, की मिक्सर आणि इस्त्री वेगळी ओळखायला बरीच बारीक, सेकंदासेकंदाची नोंद लागते. अर्ध्या तासाच्या नोंदीतून चटणी कळत नाही. घर रिकामं आहे हे मात्र कळतं. आणि चोराला चटणीत रस नसतोच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ चाळीत वाढलेल्या समाजानं हा प्रश्न विचारावा हे स्वाभाविक आहे. समोरच्या काकूंना आपल्याकडे कोण आलं, किती वाजता आलं आणि पोहे खाऊन गेलं की चहावर कटवलं गेलं, हे सगळं ठाऊक असायचं. पण काकूंचंही आपल्याला ठाऊक असायचं; हिशेब दोन्ही बाजूंनी उघडा होता. शिवाय काकू विसरायच्या आणि रागावल्या तरी आपली माहिती विमा कंपनीला विकायला जात नसत. साठवलेल्या नोंदीला विसरणं येत नाही, आणि ती कोण उघडून पाहतं हे आपल्याला कळत नाही. प्रश्न लपवण्याचा नाहीच. कोणी, कशासाठी आणि किती काळ पाहायचं, हे ठरवण्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संध्याकाळची मागणी सांभाळायची, गळती शोधायची, दिवसा वापरलेल्या विजेला सवलत द्यायची, तर माहिती लागणारच. लागते, मान्य. पण गळती शोधायला रोहित्रावरचा मीटर आणि त्याखालच्या घरांची बेरीज पुरते; वेळेनुसार दर लावायला त्या-त्या वेळेतल्या युनिटांची बेरीज पुरते. नेदरलँड्समध्ये 2009 साली वरिष्ठ सभागृहानं खासगीपणाच्या मुद्द्यावर स्मार्ट मीटरची सक्ती अडवली. मग नकार देण्याची मुभा ठेवून कायदा झाला, आणि बहुसंख्य घरांनी मीटर बसवून घेतलेच. अमेरिकेत नेपरव्हिल शहराच्या खटल्यात 2018 मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं, की पंधरा मिनिटांच्या नोंदी गोळा करणं ही घराची एक प्रकारे झडतीच आहे. मात्र हेतू वीजव्यवस्थेचा असल्यामुळे ती रास्त ठरते. म्हणजे रास्तपणा मीटरमध्ये नसून हेतूत आहे. हेतू बदलला, की तोच मीटर साध्या वेशातला हवालदार होतो.

तिसरा आक्षेप बोगस लाभार्थ्यांचा. पडताळणी जरूर करा. अनुदान जनतेच्या पैशातून जातं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक शहाणं उदाहरण आहे: दूरवैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या नावांची यादी मागितली आणि रुग्णानं ‘हो’ म्हटलं, तरी ती संमती त्या यादीला लागू होत नाही, कारण सल्ल्यासाठी ती लागतच नाही. याच कायद्यानं अनुदानासाठी सरकारला संमतीच्या अटीतून बरीच सूट दिली आहे. नेमकं म्हणूनच तिथं काटकसर जास्त हवी. ज्याला विचारावं लागत नाही, त्यानं स्वतःला विचारायला हवं. आणि पडताळणी झाल्यावरही ओळखपत्राच्या प्रती कपाटात ठेवल्यानं बोगस लाभार्थी पकडला जात नाही. उलट, त्याला पुढच्या वेळचे कागद तिथेच मिळतात.

उपाय आपल्याच घरात, फ्रिजच्या दारावर चिकटलेला आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोनं 2006 पासून उपकरणांना तारे द्यायला सुरुवात केली आणि गिऱ्हाईक दुकानात ‘फाइव्ह स्टार दाखवा’ म्हणू लागलं. तेच तारे योजनांच्या अर्जांना द्यावेत. कमीत कमी रकाने, प्रत्येक रकान्याशेजारी ‘हे कशाला’ याचं एका ओळीत उत्तर आणि काम झाल्यावर माहिती पुसण्याची तारीख, असा अर्ज पंचतारांकित. वडिलांचं नाव तीन ठिकाणी विचारणारा अर्ज एकतारी; तो हातात घेऊन निदान भजन तरी म्हणता येईल.