व्हिसा, व्हाया अलिबाग

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर 68 किलोमीटर, अंबरनाथ 60, उल्हासनगर 58. हे रेल्वेचे आकडे. दिव्याच्या अलीकडे उगाच थांबलेली गाडी, कल्याणला आत घुसलेला लोंढा आणि आपल्या खांद्यावर झोपी गेलेलं परक्याचं डोकं हिशोबात धरलं, तर अंतर सहज दुप्पट भरतं. एवढं सोसून मुंबईला गेलेला माणूस एकच काम उरकून परत आला, तर आमच्याकडे लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. परळला पेशंट बघायला गेलेल्याने येताना लालबागचा मसाला आणायचा असतो. दादरला लग्नाला गेलेला अक्षता टाकायच्या आधी मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकून येतो. भाडं वसूल झालं पाहिजे.

या रिवाजाला शास्त्राचं रूप दिलं ते आमच्या काकांनी. अख्खी सोसायटी त्यांना काकाच म्हणते. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण असा एक काका तुमच्याही जिन्यात असणारच. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्टोअर्सला नोकरी, निवृत्तीनंतर बदलापूर पूर्वेला टू-बीएचके, मुलगी न्यू जर्सीला. उंची बेताची, फाइल जाड. बोलण्याची सुरुवात कायम एकच : “निघालोच आहोत तर...”

हे तीन शब्द ऐकले की काकू गॅस बंद करतात आणि पाण्याच्या बाटल्या भरायला घेतात.

काकांचं वैशिष्ट्य असं, की ते नुसते फिरायला कधीही जात नाहीत. कोंडेश्वर आमच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं. पावसाळ्यात तिथल्या धबधब्यासाठी मुंबईहून गाड्या भरून पोरं येतात. काका गेले नाहीत. बारवी धरणाचंही तेच. विचारलं तर म्हणतात, “तिकडे काही काम निघालं नाही कधी.” एखाद्या सरकारी कचेरीची शाखा कोंडेश्वरला उघडली असती, तर काका दर महिन्याला गेले असते. अंबरनाथचं शिवमंदिर, शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं, शिलाहारांच्या काळातलं; देशोदेशीचे अभ्यासक ते बघायला येतात. काका ते दर नोव्हेंबरात बघतात, कारण नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि बँक अंबरनाथला आहे. आपण जिवंत आहोत हे आधी बँकेला आणि मग महादेवाला कळवायचं, हा क्रम ठरलेला. पासपोर्टचं नूतनीकरण ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये झालं, तर त्या दिवशी मामलेदारची मिसळ झाली. मिसळीचं वर्णन अर्धा तास चाललं. पासपोर्ट मिळाला की नाही, हे काकूंनी नंतर सांगितलं.

तर काकांच्या अमेरिकेच्या व्हिसाची 10 वर्षं संपत आली. मुलगी म्हणाली, “बाबा, लगेच करून टाका. मुदत संपून 12 महिने व्हायच्या आत अर्ज केला तर मुलाखत माफ होऊ शकते. मध्यंतरी ही सवलत 48 महिन्यांपर्यंत होती, 2025 मध्ये परत 12 वर आली. पुढे काय करतील सांगता येत नाही.” मुलीने हे काळजीने सांगितलं. काकांनी त्यातलं एकच ऐकलं : मुलाखत नाही. म्हणजे खिडकीवर कागद द्यायचे आणि मोकळं व्हायचं. म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं काम. आणि फी 185 डॉलर, रुपयांत सोळा हजारांच्या घरात.

“सोळा हजार अर्ध्या तासाला?” काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती बघून काकूंनी माळ्यावरची बॅग काढायला सांगितली.

पहिला टप्पा फोटोचा. पांढरी पार्श्वभूमी, दोन इंच बाय दोन इंच, चष्मा काढून. असा फोटो बदलापुरात चार ठिकाणी निघतो, पण काका तो उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये काढून आले. कारण निघालोच आहोत तर जावयाला जीन्स, नातवाला ट्रॉली बॅग, काकूंना सिंधी पापड आणि स्वतःला सकाळी सकाळी दाल-पकवान. स्टुडिओवाल्याचे वृद्ध वडील गल्ल्यापाशी बसले होते. काकांनी त्यांनाही आपली योजना ऐकवली : व्हिसाला जायचं, तिथून समुद्र, मग देव, मग घर. म्हातारबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साईं, हमने तो जिंदगी में एक ही ट्रिप किया, सैंतालीस में. रिटर्न का टिकट नहीं था.” फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत उतरवली गेली आणि 1949 साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, हे काकांना पाठ होतं. पण असं समोर बसून कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ते घरी आले ते गप्प होते. जवळजवळ चहा होईपर्यंत.

दुसरा टप्पा फॉर्मचा, आणि त्याला मी साक्षीदार आहे, कारण कॉम्प्युटर माझा होता. हा फॉर्म ज्याने भरला नाही त्याला आपण किती निरपराध आयुष्य जगलो याची कल्पना येणार नाही. तुम्ही अतिरेकी कारवाया केल्या आहेत का? वंशसंहारात भाग घेतला आहे का? हेरगिरी करायला येत आहात का? काका प्रत्येक प्रश्नाला मोठ्याने “नाही” म्हणत होते आणि काकू आतून विचारत होत्या, “काय हो, कोणाशी भांडताय?” गाडी अडली ती शस्त्रांपाशी. शस्त्रं, स्फोटकं, अणू, जैविक किंवा रासायनिक बाबींचं काही विशेष ज्ञान वा प्रशिक्षण तुम्हाला आहे का?

काका सावरून बसले. “आहे म्हणायला पाहिजे.”

“काका, तुम्ही स्टोअर्सला होता.”

“ऑर्डनन्स फॅक्टरीच्या स्टोअर्सला. संरक्षण मंत्रालय. आगीचं ट्रेनिंग झालंय माझं. सर्टिफिकेट आहे.”

न्यू जर्सीहून फोनवर मुलगी जिवाच्या आकांताने “नो, बाबा, नो” ओरडत होती. मागच्या वेळी तिनेच गुपचूप फॉर्म भरला होता, त्यामुळे वडिलांचा हा लष्करी अभिमान अमेरिकेला कळला नव्हता. आग विझवण्याचं प्रशिक्षण हे स्फोटकांचं नव्हे, यावर शेवटी तह झाला. तोवर पुढचा प्रश्न आला : तुम्ही कुठल्या कुळाचे वा टोळीचे आहात का? इथे काकूही बाहेर आल्या. काकांचं म्हणणं, गोत्र लिहावं. काकूंचं म्हणणं, गोत्र म्हणजे कूळ नव्हे, कुलदैवत लिहावं. या विषयावर दोन्ही घराण्यांचा इतिहास निघाला, आणि 20 मिनिटं कुणी बटण दाबलं नाही तर तो फॉर्म आपोआप बंद पडतो, हे आम्हाला तेव्हा समजलं.

तारीख निवडताना मुलगी म्हणाली, कुठलीही घ्या. काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. त्यांना अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं होतं, आणि ते ओहोटीलाच जमतं. कोकणातला जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. म्हणून व्हिसा सप्तमीला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वेळापत्रकात काकांनी अशी वद्य सप्तमी गाठली आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. “तूही चल. टोल माणशी नसतो.”

भाच्याची अर्टिगा, भाचा चालवायला, काकू, काकूंचे भाऊ आणि मी. पहाटे शिळफाट्यावर ट्रकांच्या रांगेत काकांनी आम्हाला अमेरिकन वकिलातीचा इतिहास सांगितला. ती आधी ब्रीच कँडीला लिंकन हाऊसमध्ये होती, 2011 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात आली. काकांना हे स्थलांतर पसंत नाही. “ब्रीच कँडी म्हणजे महालक्ष्मीचं दर्शन होतं, हाजीअलीचा ज्यूस होता. बीकेसीत काय? हिऱ्यांचा बाजार. तोही आत सोडत नाहीत.”

व्हिसा केंद्रात मोबाइल नको, बॅग नको, खाणं नको. काका पारदर्शक फोल्डर घेऊन ताठ मानेने आत गेले. बाहेर गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून आम्ही हिरेबाजाराभोवती प्रदक्षिणा घालत राहिलो. प्रत्येक फेरीत काकू एकेक दशमी वाटत होत्या. दशम्या संपायच्या आत काका फुटपाथवर दिसले. पासपोर्ट आत, पावती हातात. चेहऱ्यावर मात्र किंचित निराशा. “विचारलंच नाही काही. फाइल उघडलीसुद्धा नाही.” त्या फाइलमध्ये फॅक्टरीचं सर्टिफिकेट होतं, हे मला नंतर कळलं.

आता घर ईशान्येला आणि आम्ही निघालो दक्षिणेला. शिवडीहून अटल सेतू. 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हापासून काकांना तिथून जायचं होतं, पण काम निघत नव्हतं. 21.8 किलोमीटर, मोटारीला एकेरी टोल अडीचशे. “किलोमीटरला साडेअकरा रुपये,” काका म्हणाले, “तेव्हा डोळे उघडे ठेवा.” काकूंचे भाऊ झोपले होते. काकांनी त्यांना उठवलं. शिवडीच्या दलदलीतले फ्लेमिंगो भाच्याला दिसले, मला दिसल्यासारखे वाटले, काकांनी मोजले. पेणला पोह्यांचे पापड घेतले. उल्हासनगरचे सिंधी पापड घरी असताना हे कशाला, असं काकूंचे भाऊ बोलून गेले आणि वडखळ नाक्यापर्यंत त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी अष्टमी. दुपारी बाराला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर हजर. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सज्ज. किल्ला समोर, आणि मधे पाणी.

“बारा वाजले,” काका पाण्याला म्हणाले.

घोडागाडीवाला हसला. “काका, ओहोटीच आहे. पण भांगाची. उधाणाची असती तर कोरड्याने गेला असता. अष्टमीला पाणी ना चढत पुरतं, ना उतरत.”

पाऊणपटीचा हिशोब तंतोतंत खरा होता. पाणी किती वाजता ओसरेल हे त्यात होतं, किती ओसरेल हे नव्हतं. सबंध अमेरिकन यंत्रणा जिच्यापुढे वाकली, ती अष्टमी अलिबागच्या घोडागाडीवाल्याने दोन वाक्यांत उडवली. दुसरा कुणी असता तर खट्टू झाला असता. काका गाडीत चढून बसले, पाण्यातून हिंदकळत किल्ल्यात गेले, आंग्र्यांच्या गणपतीपुढे हात जोडले आणि परतताना म्हणाले, “बरं झालं. चालत गेलो असतो तर घोडागाडी राहिली असती.”

मुक्काम पालीला, भक्तनिवासात. बल्लाळेश्वराला काकूंनी व्हिसासाठी नवस केला असेल असं मला वाटलं होतं. काकांनी तर्क दुरुस्त केला. “नवस वगैरे नाही. मिळाला तर आभार, नाही मिळाला तर तक्रार. पालीला दोन्हीकडून यायचंच होतं. एकाच खेपेत आटोपलं.” पहाटे देवळात घंटा वाजत असताना ते फार वेळ बसून राहिले होते. काकू हळूच म्हणाल्या, “यांच्या वडिलांना यायचं होतं इथे. जमलं नाही. चाळीत राहायचो, सहा माणसं खाणारी. नुसतं फिरायला जायचं म्हटलं की यांना अजून चोरी केल्यासारखं वाटतं.” एवढं बोलून त्यांनी प्रसादाचे पेढे मोजायला घेतले.

परतीचा रस्ता खोपोलीवरून. वाटेत महडचा वरदविनायक. “अष्टविनायकातले दोन झाले,” काकांनी डायरीत टिपून ठेवलं. उरलेले सहा पुणे आणि नगरकडे, तिकडे काही काम काढावं लागेल. कर्जतला स्टेशनवर दिवाडकरांचा वडा. नेरळ, शेलू, वांगणी करत संध्याकाळी बदलापूर. तीन दिवस, गाडीत पाच माणसं, दोन देव, एक किल्ला, एक पूल, दोन गावांचे पापड. काकांनी पायरीवरच डायरी उघडून सोळा हजारांचा भागाकार केला आणि प्रत्येकाच्या वाट्याला काय पडलं ते सांगितलं. व्हिसा फक्त त्यांचा होता, ही किरकोळ बाब कुणी काढली नाही.

पुढे मुलीचा फोन आला, व्हिसा झाला, पासपोर्ट तयार आहे. थोडे पैसे भरले की घरपोच येतो, कुठे जायची गरज नाही.

“घरपोच?” काका इतके दुखावलेले मी पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी ते माझ्या दारात कालनिर्णय घेऊन उभे. “बीकेसीत पासपोर्ट घ्यायला जायचंय. मंगळवार धरू या. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात.”