गुण्या लावून पाहा
(रायपूरच्या शंकर नगरात राहून सुतारकाम शिकू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी सूचना)

घरी सांगणे

हे काम करवतीपेक्षा धारदार आहे, म्हणून वेळ नीट निवडा. जेवताना सांगू नका, घास अडकतो. बातम्या चालू असताना सांगू नका. वडील न ऐकताच ‘बरं’ म्हणतात आणि अर्ध्या तासाने ‘काय म्हणालास?’ असं विचारतात. मी सकाळी सांगितलं, आई पोहे परतत असताना. ‘‘आई, मी आयटीआयला नाव घातलंय. कारपेंटर ट्रेड.’’ झारा कढईतच थांबला, पोहे खाली लागले. मग आईने आशेने विचारलं, ‘‘म्हणजे इंटिरियर डिझायनिंग का रे?’’ इथे ‘हो’ म्हणायचा फार मोह होतो. म्हणू नका. ते ‘हो’ रविवारी तुमच्या आधी महाराष्ट्र मंडळात पोचलेलं असतं.

घरात आजोबा असतील तर ते इतिहास काढतील. आमचे आजोबा सांगत, आपण बिंबाजी भोसल्यांबरोबर छत्तीसगडात आलो, 1758 साली. घोड्यावर बसून की घोड्यामागून चालत, हे मात्र सांगत नसत. अशा घराण्यातल्या बी.कॉम. झालेल्या मुलाने रंधा मारावा, हे त्यांना पटेना. त्यांना मी शब्दाची व्युत्पत्ती सांगितली: सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ यावरून आला, सूत धरून रेघ आखणारा तो. तुम्हीही सांगून पाहा. नाटकवेडे काका लगेच विरघळतात. फक्त ‘कुठलं नाटक बसवताय?’ या प्रश्नाची तयारी ठेवा.

पोचणे

शंकर नगरातून रिक्षाला ‘आयटीआय’ सांगितलंत तर नीट, दोनदा सांगा. मी एकदाच सांगितलं आणि बीटीआय मैदानावर उतरलो. तिथे कसल्याशा प्रदर्शनाचे बांबू उभे राहत होते. बांबू बघून मला वाटलं, प्रात्यक्षिक सुरू झालं.

बीटीआय म्हणजे बेसिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूट, शिक्षक घडवण्याची जुनी जागा. त्यातलं ‘बेसिक’ गांधीजींच्या बुनियादी शिक्षणातलं. 1937 मध्ये वर्ध्याला परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला, आणि मुलांनी हाताच्या उद्योगातून शिकावं म्हणून जे उद्योग सुचवले त्यांत सूतकताई होती तसं सुतारकामही होतं. वर्धा आणि रायपूर तेव्हा एकाच मध्यप्रांतात. म्हणजे रिक्षावाला तसा फार चुकला नव्हता, पाऊणएक शतक उशीर झाला होता इतकंच. भाडं मात्र त्याने दोन्हीकडचं घेतलं.

आयटीआयमध्ये कारपेंटर ट्रेड एक वर्षाचा. आठवी पास असलं की चालतं, वय किमान 14, वरची मर्यादा नाही. ही कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून चालू आहे. माझ्या बॅचला आरंग, अभनपूर, तिल्द्याकडची मुलं होती. निम्म्यांच्या घरी बाप किंवा मामा सुतार. बी.कॉम. मी एकटाच. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटलं, मी हजेरी घेणारा आहे. दोघांनी उठून नमस्कारही केला. तो लगेच स्वीकारू नये, पुढे महाग पडतो.

हत्यारांची नावे

हत्यार तेच, नावं तीन. पटाशी घरी पटाशी, पुस्तकात चिझल, शेजारच्या बाकावर बिंधना. आपला गुण्या तिथे गुनिया आणि परीक्षेत ट्राय स्क्वेअर. आपला वाकस म्हणजे त्यांचा बसुला. सर एका वाक्यात तिन्ही भाषा वापरतात. तुम्ही चुकीचं हत्यार उचललंत की चौथी भाषाही येते.

मापाचं त्याहून कठीण. ड्रॉइंगवर सगळं मिलिमीटरमध्ये. पण सर म्हणतात, ‘‘आधा सूत और ले.’’ एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून थोडं जास्त. अर्धं सूत किती, याचा हिशोब मी मनात करेपर्यंत आरंगच्या मुलाने ते घेऊन झाडूनही टाकलेलं असायचं. तो मोजत नसे. बोटाने चाचपून सांगे. बी.कॉम.चा उपयोग मला वर्षभरात एकदाच झाला, चहाचे पैसे वाटून घेताना.

पायरी पहिली: ठोकळा

तुम्हाला 300 मिलिमीटर लांब आणि 50 बाय 50 चा एक ठोकळा मिळेल. तो रंधून चारही बाजू एकमेकींना काटकोनात आणायच्या. झालं. वाचायला एवढंच आहे.

आधी रंध्याचं पातं परजा. धारेचा उतार 25 अंशांचा आणि दगडावर लावायची शेवटची धार 30 अंशांची. दगडावर तेल टाका, पातं पुढेमागे घासा आणि पाठीकडून अंगठा हलकेच फिरवा. एक बारीकशी कड नखाला अडकली की समजा, धार टोकापर्यंत पोचली. मग पाठ दगडावर अगदी सपाट धरून ती कड काढून टाका. मी पाठ जरा उचलून धरली. फार नाही, केसभर. दोन दिवस गेले.

आता रंधा उलटा करून तळावरून एक डोळा मिटून पाहा: पात्याची कड काळ्या केसासारखी दिसली पाहिजे. दोरीसारखी दिसली तर पातं मागे घ्या. सुरुवातीला भार पुढच्या मुठीवर द्या, ठोकळा संपत आला की मागच्या मुठीवर. नवशिका उलट करतो. दोन्ही टोकं खाली झुकतात आणि मधे टेकडी राहते. मग गुण्या लावायचा, ठोकळा खिडकीकडे धरायचा आणि पात्याखालून उजेड येतो का ते बघायचं. सत्यनारायणाच्या कथेपेक्षा जास्त भक्तिभावाने मी त्या फटीकडे पाहिलेलं आहे. उजेड डावीकडून यायचा. मी उजवीकडे रंधा मारायचो. मग उजवीकडून यायचा. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. इथे अंगण मीच वाकडं करत होतो, आणि रोज थोडं लहानही.

तिसऱ्या दिवशी लाकूड उचकटायला लागलं. एका जागी तंतू उभे राहिले, खरखरीत, मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखे. मी जोर वाढवला. आरंगचा मुलगा माझ्या बाकाशी आला, काही न बोलता ठोकळा उचलला, त्याची शेजारची बाजू पाहिली. तिथे रेषा तिरप्या चढत गेलेल्या दिसत होत्या. त्याने ठोकळा टोकाकडून फिरवून परत वाइसमध्ये आवळला. ‘‘उल्टा रंदा झन मार भैया.’’ एक हात मारला. रंध्याच्या तोंडातून पातळ भेंडोळं निघालं, सलग, टोकापासून टोकापर्यंत. त्यातून खिडकी दिसत होती. ते मी खिशात घालून घरी नेलं. आईने शर्ट धुताना ते बाहेर काढून विचारलं, ‘‘हे काय, कांद्याचं साल?’’

चौथ्या दिवशी चारही बाजू काटकोनात आल्या. गुण्याखालून उजेड नाही, पीळ नाही, बाक नाही. ठोकळा 50 चा 36 झाला होता. सरांनी तो उचलून दोन तळव्यांत फिरवला. ‘‘ये जॉब है, या बेलन?’’ लाटणं म्हणून तो आमच्या घरी खरोखर चाललाही असता, पण लाटणं गोल लागतं आणि माझा ठोकळा त्याच दिवशी चौकोनी झाला होता.

पायरी दुसरी

रंध्याने गेली.

पायरी तिसरी: सांधा

एका लाकडाच्या टोकाला जीभ कोरायची, तिला कुसू म्हणतात, आणि दुसऱ्या लाकडात तिच्यासाठी भोक पाडायचं. कुसू घट्ट बसला पाहिजे. मोगरीने ठोकावा लागला तर भोक फाटतं. बोटाने बसला तर तो लगेच बोटाने निघतोही. या दोहोंच्या मधली जागा अर्ध्या मिलिमीटरची असते. सगळं सुतारकाम तिथेच राहतं.

फट राहिली तर नवशिका फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भरतो. हा शोध प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी नव्याने लावतो, आमच्यात तो मान माझा. वाळल्यावर खरंच ओळखू येत नाही, असं मला वाटलं. सरांनी लांबूनच ओळखलं. जवळ येऊन नखाने तो लगदा उकरला, माझ्या तळहातावर ठेवला आणि पुढच्या बाकाकडे गेले. बोलले काहीच नाहीत. त्यापेक्षा बेलन म्हणाले असते तर बरं.

पूजा

रायपूरला 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा असते. हत्यारं धुऊनपुसून मांडायची, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात विश्वकर्मा जयंती माघ शुद्ध त्रयोदशीला, आणि घरी खंडेनवमीला पुन्हा शस्त्रपूजा. तिन्ही पाळा. वर्षात तीन दिवस रंधा तुमच्या हातात नसणं हे लाकडाच्याही हिताचं आहे. आईने खंडेनवमीला विळी, कात्री आणि बाबांच्या पेनाशेजारी माझी पटाशी ठेवली, न सांगता. हळदकुंकू पेनापेक्षा पटाशीला जरा जास्तच होतं.

लाकूड

छत्तीसगडचा राज्यवृक्ष साल, इथले लोक त्याला सरई म्हणतात. रेल्वेचे स्लीपर या लाकडाचे करत, यावरून काय ते समजा. त्यात खिळा आधी छिद्र न पाडता ठोकू गेलात तर खिळा वाकतो आणि लाकूड तुमच्याकडे बघत राहतं. बीजा म्हणजे आपला बिबळा. भिजला की पिवळे डाग सोडतो, हातरुमाल पांढरा ठेवू नका. साग सगळ्यांत शहाणा, पण तो तुमच्या हाती लवकर देत नाहीत. आमच्या वर्गात सागाचा एक तुकडा होता. सर तो दाखवत, हुंगायला देत आणि परत कपाटात ठेवत.

पास झाल्यावर

इथे थोडक्यात सांगतो, कारण विषय सुखाचा नाही. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली वर्षभर उमेदवारी मिळू शकते. इथल्या रेल्वेच्या जाहिरातीत कारपेंटर हा शब्द दिसला की आई कात्रण कापून ठेवते. नाहीतर एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली लागा. तिथे समजेल की कुसू आणि भोक कुणाला नको आहे. प्लाय कापा, माइका चिकटवा, बीडिंग ठोका, पुढच्या फ्लॅटवर चला. आणखी एक: आयटीआयने तुम्हाला बाकाशी उभं राहून काम शिकवलेलं असतं, साइटवर बाक नसतो. मिस्त्री उकिडवा बसतो आणि फळी पायाच्या अंगठ्याने धरून ठेवतो. वर्षभरात माझे हात तयार झाले होते. पाय पहिलीत होते.

पहिले गिऱ्हाईक

ते आषाढात येतं. शंकर नगरात पहिले चार पाऊस झाले की दारं लागेनाशी होतात आणि ज्या काकू तुमच्या आईला म्हणाल्या होत्या, ‘‘अगंबाई, सुतारकाम?’’ त्यांचाच फोन येतो. ‘‘अरे, तू ते शिकलायस ना? जरा दार रंधून दे.’’

दार रंधू नका. लाकूड पावसाळ्यात ओल धरून फुगतं. लांबीत नाही, रुंदीत. उन्हाळ्यात ते पुन्हा आकसतं. आषाढात रंधलेल्या दाराच्या फटीतून वैशाखात पाल सरळ चालत आत येते आणि त्या पालीचे आईबाप म्हणून तुमचं नाव घेतलं जातं. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पाहा. निम्म्या वेळा तेच ढिले होऊन दार खाली बसलेलं असतं. ते आवळा. मग दार जिथे घासतं तिथे साधी मेणबत्ती घासा. दार लागतं.

काकूंनी दार तीनदा उघडून लावून पाहिलं. ‘‘झालं? एवढंच?’’ त्यांचा चेहरा उतरला. कपबशी ट्रेवर तयार होती, पण चहा ओतायला हात होईना. म्हणून पिशवीत एक फालतू ठोकळा कायम ठेवा. ओसरीवर बैठक मारा, तो पायाच्या अंगठ्याने धरा आणि त्यावर चार हात रंधा चालवा. फरशीवर भेंडोळी पडली की चहा येतो. माझा तो 36 चा ठोकळा या कामाला अजून पुरतो आहे. सध्या 22 झालाय.