आदर्श कोळसा खाणीसाठी जालनाच योग्य

जालना जिल्ह्यात दगडी कोळसा नाही, ही आजवर जिल्ह्याची उणीव समजली गेली; परंतु पर्यावरण मंजुरीच्या शास्त्राचा बारकाईने अभ्यास केल्यास भूमिगत कोळसा खाणीसाठी याहून निर्दोष जागा महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे, असाच निष्कर्ष निघतो. वर्धा खोऱ्यातील कोळसा सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवाना थरांत आहे, तर जालन्याच्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला काळा कातळ आहे. कोळसाच नसल्यामुळे येथील प्रस्तावित खाण कधी खचणार नाही आणि तिचा भूपुनरुद्धार आराखडा, म्हणजे खाणीने बिघडवलेली जमीन पुन्हा वापरात आणण्याची योजना, पहिल्याच दिवशी शंभर टक्के पूर्ण झालेली असेल.

14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पाचा पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल तयार करावा लागतो आणि त्यासाठी पावसाळा वगळून एका हंगामातील हवा, पाणी व माती यांची नोंद ‘आधारस्थिती’ म्हणून चालते. ही नोंद जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत घेतल्यास, मोसंबीच्या बागा टँकरवर जगत असताना, विहिरींची आधारस्थितीच कोरडी भरेल आणि जे मुळात नाही ते खाणीने आटवले, असा आरोप कोणालाही करता येणार नाही. अहवालाच्या मजकुराचीही फारशी चिंता नको, कारण रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालाचे उतारे आढळल्याचा इतिहास आहे. कोकणाला रशिया चालत असेल, तर मराठवाड्यातील जालन्याला चंद्रपूरच्या कोळसा खाणीचा अहवाल का चालू नये?

त्यानंतर जनसुनावणी होते, जिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, जिचे अध्यक्षपद जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी भूषवतात आणि जिच्यासाठी गणसंख्येची अट नाही. सविस्तर अहवाल इंग्रजीत व सारांश मराठीत, अशी वाटणी असल्याने ग्रामस्थांना वाचनाचा त्रासही बेताचाच होतो. नागपूर जिल्ह्यातील गोंडखैरी भूमिगत खाणीच्या जुलै 2023 मधील सुनावणीत ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला. जालन्यातील खाणीला विरोध करण्याजोगे काही नसल्याने मंडप रिकामा राहिला, तरी गणसंख्येअभावी कामकाज अडणार नाही.

खऱ्या भूमिगत खाणी मात्र इतक्या सोज्वळ नसतात. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडले जातात आणि पुढे तेही काढून घेतले, म्हणजे डिपिलरिंग केले, की मागच्या पोकळीत वाळू भरायची किंवा छत कोसळू द्यायचे, असे दोन मार्ग उरतात, ज्यांतला दुसरा स्वस्त असतो. भूमिगत खाणीचा पृष्ठभागावर मागमूस दिसत नाही, हा तिच्या पुरस्कर्त्यांचा आवडता युक्तिवाद चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे 26 ऑगस्ट 2022 रोजी शब्दशः सिद्ध झाला, कारण अमराई वॉर्डातील एक घर जुन्या भूमिगत खाणीवरील जमिनीत अख्खे गडप झाले आणि पृष्ठभागावर त्याचा मागमूस उरला नाही. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. न दिसणाऱ्या नुकसानीचा भाव मात्र आधीच ठरला होता: कोळसा मंत्रालयाच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी खाण बंद करण्याच्या खर्चासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे कंपनीला परस्पर हात लावता येणार नाही अशा राखीव खात्यात, खुल्या खाणीला हेक्टरी 6 लाख रुपये आणि भूमिगत खाणीला हेक्टरी 1 लाख रुपये ठेवायला सांगितले होते. खड्डा दिसला तर सहा, न दिसला तर एक, असा हा हिशेब होता आणि प्रस्तावित खाणीत खड्डाच नसल्याने जालन्याने उलट शासनाकडेच परतावा मागायला हरकत नाही.

या प्रस्तावात अडचण एकच आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतील इंडक्शन भट्ट्या, म्हणजे विजेवर भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या, कोळशाविना तयार झालेल्या सळ्यांच्या स्वप्नावर चालत नाहीत. राज्याच्या विजेचा मोठा भाग कोळशापासून येतो आणि त्यासाठी विदर्भाची जमीन पोखरावी लागते. सुदैवाने मूल्यांकनाचे अभ्यासक्षेत्र खाणीभोवतीच्या 10 किलोमीटरच्या वर्तुळापुरते असते आणि चंद्रपूरपासून शेकडो किलोमीटरवर असलेला जालना त्यात बसत नाही. त्यामुळे वीज वापरणाऱ्याचा आघात शून्य, ज्याची जमीन खचते त्याचा आघात ‘किरकोळ’ आणि दोन्ही परिच्छेद एकाच अहवालात कधीच येत नाहीत, हीच या शास्त्राची सर्वांत पक्की बांधणी आहे.