आजचा खुनी

प्रत्येक सोसायटीत पाणी कधी येणार हे सांगणारा एक माणूस असतो, कुणाच्या मुलाला किती पॅकेज मिळालं हे सांगणारा एक असतो आणि टीव्हीवरच्या 'सीआयडी' मालिकेचे भाग सांगणारा एक असतो. पहिल्या दोघांना चुकवता येतं. तिसऱ्याला येत नाही, कारण तो गेटजवळच्या कट्ट्यावरच बसलेला असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे संशयित म्हणूनच बघत असतो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हे पद नानांकडे आहे. निवडणूक झाली नव्हती, पण विरोधात उभं राहायची कुणाची छाती होती!

अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशाला पेन, हातात भाजीची पिशवी आणि पिशवीत कधीच नसलेली भाजी, असे नाना संध्याकाळी सहाला कट्ट्यावर येतात. बँकेत कॅशियर होते, २०१६ साली निवृत्त झाले. ही कॅशियरकी फार महत्त्वाची आहे. शिवाजी साटमसुद्धा नट म्हणून नाव होण्याआधी बँकेत कॅशियर होते, हे नाना नव्या भाडेकरूला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मालिकेत साटमांचे एसीपी प्रद्युम्न बोलताना हवेत बोटं फिरवतात ना, ती म्हणे नोटा मोजायची जुनी सवय. "काउंटरवर पंचवीस वर्षं बस, मग कळेल. स्लिप सरकवतानाच समजतं, सही खरी की खोटी." एवढं बोलून नानाही बोटं फिरवतात. भाडेकरू नकळत आपला करारनामा नोंदवलेला आहे ना, हे आठवू लागतो.

मालिका सोनीवर सुरू झाली जानेवारी १९९८ मध्ये, हे जगाचं मत. नाना मूळ त्याच्याही मागे नेतात. मुंबई दूरदर्शनवरची 'एक शून्य शून्य' पाहिली नसेल त्यानं या विषयावर तोंड उघडू नये, असा कट्ट्याचा नियम आहे. 'सीआयडी' बनवणारे बी. पी. सिंग तिथलेच, साटमही तिथलेच. "सीआयडी म्हणजे आपल्याच घरातलं पोरगं, हिंदी शिकून मोठ्या पगारावर गेलेलं," असं नाना म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात अशा पोरांबद्दल बापाला असतो तो अभिमान आणि तीच तक्रार असते.

आता नानांच्या आवडत्या भागांकडे येऊ. अशा माणसाला "तुमचा आवडता भाग कोणता?" असं कुणी विचारावं लागत नाही. लिफ्टची वाट बघत तुम्ही नुसते उभे राहिलात तरी पुरतं. "मला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे..." इथून गाडी सुटते. भागाचं नाव नाना सांगत नाहीत, साल तर नाहीच. सुरुवात साधारण ठरलेली असते. एक बंगला. शेठजींचा वाढदिवस. दिवे जातात. दिवे येतात तेव्हा शेठजी केकवर आडवे. मग गाडी येते, तिन्ही दारं एकदम उघडतात, आणि एसीपींना कुठं तरी काही तरी गडबड असल्याचा वास येतो. पथकातला फ्रेडी पडद्याला भूत समजून घाबरतो. डॉक्टर साळुंखे निळ्या पाण्यात एक थेंब टाकून ते लाल करतात आणि एसीपींशी तोंडाला तोंड देऊन भांडतात. भारतातली कुठलीही प्रयोगशाळा इतक्या लवकर अहवाल देत नाही, हे शेजारी राहणारे लॅब टेक्निशियन एकदा म्हणाले होते. नानांनी त्यांना विचारलं, "काल रात्री दहा वाजता तुम्ही कुठे होतात?" तेव्हापासून ते मागच्या गेटनं येतात.

इथपर्यंत सगळे भाग सारखे. फरक पडतो तो शेवटी, खुनी कोण निघाला यात. कट्ट्यावरच्या माणसांच्या हे फार उशिरा लक्षात आलं, कारण आम्ही सगळे शेवटाला पोहोचायच्या आत कुकर लावायचा आहे असं सांगून निसटायचो. ध्यानात आलं ते असं. लिफ्ट आठवडाभर बंद होती आणि नानांना गुडघे धरत चौथ्या मजल्यावर जावं लागत होतं, त्या आठवड्यात शेठजींना मारणारा निघाला लिफ्टचा मेकॅनिक. "शाफ्टमध्ये लपला होता, हरामखोर. दोन दिवसात येतो म्हणाला आणि आठवडाभर आलाच नाही." शेठजींच्या बंगल्याला एकच मजला होता, असं नानांनीच सुरुवातीला सांगितलं होतं. पण विचारतो कोण!

पुढे रीडेव्हलपमेंटची सभा झाली. नानांनी कार्पेट एरियाचा प्रश्न विचारला आणि बिल्डरचा माणूस त्यांना "अंकल, आप टेन्शन मत लो" म्हणाला. त्या संध्याकाळी कट्ट्यावर सांगितलेल्या भागात बिल्डरच्या माणसानं एक नव्हे, तीन खून केले होते. इन्स्पेक्टर दयानं त्याला ठेवून दिलेली थप्पड सांगताना नानांचा हात इतक्या मनापासून फिरला की बाजूच्या आजोबांचा चष्मा उडाला. सुनेनं घरात आहारतज्ज्ञ आणून मीठ बंद केलं तेव्हा शेठजींवर विषप्रयोग झाला, आणि विष ज्वारीच्या भाकरीत होतं. पासबुक भरायच्या मशीननं त्यांचं पासबुक चावलं, तेव्हा खुनी चक्क एक मशीन निघालं. फाशीची शिक्षा मशीनला कशी देणार, असं कुणी तरी विचारलं. "प्लग काढून," नाना म्हणाले.

कॉलेजात जाणाऱ्या पोरांनी एकदा पडताळा घ्यायचं ठरवलं. मोबाइलवर शोध शोध शोधलं. बंगला सापडला, वाढदिवस सापडला, भाकरी काही सापडेना. पण पहिल्या पर्वाचेच भाग १५४७ आहेत. २७ ऑक्टोबर २०१८ ला तो पसारा थांबेपर्यंत वीस वर्षं मालिका चाललेली. इतक्या गठ्ठ्यात अमुक भाग नाहीच असं छातीठोक सांगायला नानांइतकाच निवृत्त माणूस हवा. पोरगं म्हणालं, "नाना, हा भाग कुठेच नाहीये." नाना गंभीरपणे म्हणाले, "पुरावा मिळाला नाही म्हणजे गुन्हा झाला नाही असं नसतं, बाळ." पोरगं लॉ करतंय. त्यानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं.

या साऱ्याची किल्ली खरं तर नानींकडे आहे. नाना घरी परतले की जगातल्या इतर बायका विचारतात तसं "भाजी आणलीत का?" असं नानी विचारत नाहीत. "अहो, आज खुनी कोण होता?" एवढंच विचारतात. उत्तर ऐकलं की नानांचं दिवसभरात कुणाशी वाजलं, कुणाकडे दिलगिरी घेऊन जायचं आणि कुणाकडे जाताना वाटीभर शिरा न्यायचा, याचा त्यांना अंदाज येतो. मालिकेबद्दल त्यांचं स्वतःचं मत फार मोजकं आहे. 'वास्तव' सिनेमात साटम बाप होते, तिथे पोरगं हाताबाहेर गेलं आणि आईच्या हातून गेलं. 'सीआयडी'त एसीपींनी आपल्या मुलाला, नकुलला, स्वतःच गोळी घातली. "या माणसाच्या घरात पोरगं टिकत म्हणून नाही," नानी म्हणतात, आणि कोथिंबीर निवडायला लागतात. एवढं नेमकं रसग्रहण मी नाट्यसमीक्षेतही फारसं वाचलेलं नाही.

खरोखर अस्तित्वात असलेला असा नानांचा एकच आवडता भाग आहे. 'द इनहेरिटन्स'. १११ मिनिटांचा, एका सलग शॉटमध्ये घेतलेला, कॅमेरा एकदाही न थांबवता. गिनेस बुकात नोंद झालेला. "एकही कट नाही! कुणी शिंकलं तरी पहिल्यापासून सुरुवात," नाना सांगतात, आणि सांगताना स्वतःही श्वास घेत नाहीत. हा भाग दाखवला गेला ७ नोव्हेंबर २००४ ला. रविवार होता, आणि दिवाळी तोंडावर होती. डोंबिवलीत तेव्हा घराघरात काय चाललं असेल हे जाणत्यांनी ओळखावं. ऐन मोक्याच्या क्षणी स्वयंपाकघरातून हाक आली, "अहो, सोऱ्या दाबायला या, पीठ घट्ट झालंय." कॅमेरा थांबला नाही, नानांना मात्र उठावं लागलं. दोन घाणे उतरवून हात पुसत परत आले तेव्हा टीव्हीवर पुढचा कार्यक्रम लागला होता. त्या भागातला खुनी नानांनी आजपर्यंत पाहिलेला नाही, आणि नंतर मुद्दाम शोधून पाहायचीही त्यांची इच्छा दिसत नाही. माझ्या मते तो त्यांचा सगळ्यात आवडता आहे तो म्हणूनच. एवढा मोठा गुन्हा, एवढा नावाजलेला, आणि आरोपीची जागा रिकामी! तिथे केबलवाला बसतो, मेहुणा बसतो, अडचणीच्या काळात अख्खी मॅनेजिंग कमिटी बसते. "चकल्या मात्र त्या वर्षी खुसखुशीत झाल्या होत्या," नानी सांगतात.

नानांच्या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग एकदा झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या काकू दार उघडेनात. बेल वाजवली, हाका मारल्या. गर्दी जमली, नाना आले. त्यांनी पायपुसणं उचलून पाहिलं, दुधाची पिशवी हुंगली, मग जिममध्ये जाणाऱ्या एका दांडगट पोराकडे वळून दोन शब्द उच्चारले. ते कोणते, हे भारतात कुणाला सांगायला नको. पोरगा धावत आला आणि खांद्यानं दारावर आदळला. मालिकेतला दया म्हणजे दयानंद शेट्टी, थाळीफेकीत नाव काढलेला गडी. आमचा पोरगा प्रोटीन पावडरवर वाढलेला. दार हललं नाही, खांदा हलला. तेवढ्यात काकू लिफ्टमधून बाहेर आल्या, हातात दळण. त्यांनी किल्ली लावून दार बाहेर ओढलं. ते बाहेरच उघडणारं होतं. नाना दाराकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मालिकेत दारं आत उघडणारीच घेतात. बजेटचा प्रश्न असतो." पोराचा खांदा तीन आठवडे गळ्यात होता, आणि त्या तीन आठवड्यांतले सगळे खुनी सुतार निघाले.

डिसेंबर २०२३ मध्ये दिनेश फडणीस गेले, म्हणजे फ्रेडी गेला. नाना तेव्हा रोज कट्ट्यावर यायचे आणि फक्त फ्रेडीचे प्रसंग सांगायचे. फ्रेडी बायकोला कसा घाबरायचा, भुताला कसा घाबरायचा, साळुंखे त्याला कसे झापायचे. कुणीही कुकरचं निमित्त सांगून उठलं नाही. त्या आठवड्यात खुनी कोण होता हे नाना सांगायचेच विसरले, आणि नानींनीही विचारलं नाही.

मग डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. नाना पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखे दाढी करून टीव्हीपुढे बसू लागले. पण २०२५च्या एप्रिलमध्ये बॉम्बस्फोट झाला आणि त्यात एसीपी प्रद्युम्न गेले, असं वाहिनीनंच जाहीर केलं. सोसायटीच्या ग्रुपवर नानांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. तिघांनी घाईघाईनं नानांच्या घरी फोन केला, आणि फोन नानांनीच उचलला, त्यामुळे घोटाळा वाढला. रविवारी त्यांनी पापलेटाला हात लावला नाही. नानींनी तो शांतपणे स्वतःच्या पानात घेतला आणि म्हणाल्या, "येतील हो परत. पोस्टमॉर्टेम साळुंख्यांनी केलं का? मग कसले गेले!" एसीपी यथावकाश परत आले. हा निष्कर्ष आपणच पहिल्या दिवशी काढला होता, असं नाना कट्ट्यावर सांगतात. नानी खाली येत नाहीत, म्हणून चालून जातं.

अभिजीतबद्दल मात्र नानांच्या मनात एक किंतु आहे. अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव या मालिकेत आधी गुन्हेगार म्हणून आले होते, नंतर सीनियर इन्स्पेक्टर झाले. "आमच्या बँकेत असं प्रमोशन कुणाला नाही मिळालं," नाना म्हणतात. मग थोडं थांबून, "एकाला मिळालं होतं," असंही म्हणतात, आणि ते मॅनेजर मग दोन-तीन संध्याकाळ शेठजींचे खून करतात.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, छापायला देण्याआधी नानांना दाखवावं. कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, सगळं वाचलं, नोटा मोजाव्यात तशी पानं मोजून परत केली, आणि काहीही बोलले नाहीत. संध्याकाळी मी गेटमधून आत येत होतो. कट्टा गच्च भरला होता.

"मला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे," नाना सांगत होते, "ज्यात तो दुसऱ्या मजल्यावरचा लेखक मरतो. मासिकात लिहायचा. शेजाऱ्यांवर."

"आणि खुनी कोण निघतो?" लॉ करणाऱ्या पोरानं वही उघडत विचारलं.

"सापडतच नाही," नाना माझ्याकडे बघत म्हणाले. "१५४७ भागांतली तेवढी एकच केस. एसीपी म्हणाले, दया, राहू दे."