त्या दहा जणांत कोण?

शहरात नोकरी करणारा मुलगा गावी येऊन राहिला, की गावात त्याचे दोनच अर्थ निघतात: नोकरी गेली, नाहीतर बायको गेली. माझं लग्न झालेलं नसल्यामुळे दिघीकरांनी पहिला पर्याय एकमताने मंजूर केला. मी रोज सकाळी लॅपटॉप उघडून पुण्यातल्या एका कंपनीच्या सर्व्हरलेस अॅप्लिकेशनची नवी व्हर्जन पब्लिश करतो, असं सांगायला लागलो की हा पर्याय आणखी पक्का होतो.

आत्या मात्र खोलात शिरणारी. तिला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. अॅमेझॉनने २०१४ साली लॅम्डा नावाची सेवा काढली. आपण फक्त कोड द्यायचा. तो कुठल्या मशीनवर चालतो, किती मशीनवर चालतो, ते त्यांनी बघायचं. कुणी हाक मारली की आपलं फंक्शन उठतं, पावती बनवायची ती बनवतं आणि पुन्हा आडवं होतं. एका खेपेला जास्तीत जास्त पंधरा मिनिटं. काम उरलं असलं तरी त्यापुढे क्षणभरही नाही. पैसे जेवढा वेळ चाललं तेवढ्याचेच, मिलिसेकंदाच्या हिशेबाने.

“आणि काम नसेल तेव्हा?”

“तेव्हा काही नाही.”

“म्हणजे रोजंदारीच की,” आत्या म्हणाली. “आमच्याकडे निदान अर्धा दिवस तरी धरतात.”

मशीन कुठे आहेत हेही तिने विचारलं. २०१६ पासून मुंबईतही आहेत, म्हणून सांगितलं. तिचा धाकटा दीर मुंबईत असतो. त्याला पाठवून एकदा बघून यायला काय हरकत आहे, असं तिचं म्हणणं पडलं. माझ्या सात वर्षांच्या नोकरीत ती मशीन मला कुणी दाखवलेली नाहीत आणि दाखवणारही नाहीत, हे काही मी तिला बोललो नाही. आधीच परिस्थिती नाजूक होती.

खरी पंचाईत पब्लिशिंगची. पूर्वी लोक रात्री दोन वाजता सर्व्हरमध्ये शिरून हाताने फायली बदलायचे. त्यात दिसायला तरी मेहनत होती. डोळे लाल व्हायचे, चहा लागायचा, घरच्यांना कीव यायची. आता सगळं कोडमध्येच लिहून ठेवायचं. यामल नावाच्या फायलीत फंक्शनचं नाव, त्याची मेमरी, त्याला कशाकशाला हात लावायची परवानगी, आणि खाली एक ओळ: ऑटो पब्लिश एलियास, लाइव्ह. ही फाइल भलतीच सोवळी. डावीकडच्या दोन स्पेसऐवजी चुकून तीन पडल्या तरी ती अंगाला शिवू देत नाही, आणि टॅब तर तिला मुळीच चालत नाही. पण एकदा का ती राजी झाली आणि मी कोड ढकलला, की पुढचं सगळं आपोआप. झिप बनते, वर जाते, नवं व्हर्जन निघतं. स्क्रीनवर ‘अपडेट इन प्रोग्रेस’च्या ओळी वर सरकत राहतात आणि मी त्यांच्याकडे हाताची घडी घालून बघत बसतो. नेमकी ह्याच वेळी आत्या खोलीत येते.

“तू काय करतोयस?”

“पब्लिश करतोय.”

“ते तर आपोआप होतंय.”

“हो.”

“मग तुला पगार कशाचा?”

हा प्रश्न कंपनीला अजून सुचलेला नाही. आत्याला इंग्रजी येत नाही, हे माझं नशीब.

ह्या आपोआपपणाचं महत्त्व दिघीत राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडची वीज लहरी. २०२० च्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ इथेच श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलं, त्यानंतर ती कितीतरी दिवस आली नव्हती. एरवीही ती ‘अपडेट इन प्रोग्रेस’ला जाते. पंखा थांबतो, वायफाय मरतं, मोबाइलची एक काडी उरते तीही गच्चीच्या एका कोपऱ्यात. पण एकदा हुकूम सुटला की काम वरच्या वर चालू राहतं. दिघी अंधारात असताना माझं व्हर्जन मुंबईत बिनबोभाट पब्लिश होतं, आणि बिघडलंच तर सगळं आधी होतं तसं करून, ‘अपडेट रोलबॅक कम्प्लीट’ लिहून मोकळंही होतं. मी तोवर गच्चीत सुपारी वाळवत ठेवलेली असते तिच्यावरचे कावळे हाकलतो. ह्याला मी वर्क फ्रॉम होम म्हणतो.

व्हर्जनचा कायदा मात्र मला फार आवडतो. एकदा सतरा नंबर पब्लिश झाला की त्याला हात लावायचा नाही. चूक निघाली तर अठरा काढायचा. सतरा आपल्या चुकीसकट जागेवर बसून. नंबर पुन्हा वापरत नाहीत. फंक्शन समूळ पुसून त्याच नावाने नवं उभारलं तरी मोजणी मागच्या नंबरावरूनच पुढे. आणि काहीही न बदलता नुसतं ‘पब्लिश’ म्हटलं तर नवा नंबर मिळत नाही. ही शेवटची अट निवडणुकीच्या जाहीरनाम्यांना लावायला हवी.

हे सगळं मी जेटीवर चाचांना सांगत होतो. चाचा लॉन्चवर. त्यांना समजावं म्हणून मी खाडीचंच उदाहरण घेतलं. पलीकडे राजपुरीला, मुरुडला जायला आधी शिडाची होडी होती, ते व्हर्जन एक. मग लॉन्च, ते दोन. मग आगरदांड्याची फेरीबोट, जिच्या पोटात ट्रकसुद्धा जातो, ते तीन. तीन आलं म्हणून दोन कुठे बंद पडलं? लॉन्च अजून चालतेच.

“चालणारच,” चाचा म्हणाले. “आणि पूल?”

पूल हे आमच्याकडचं न पब्लिश झालेलं व्हर्जन. रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग न्यायचा, ही कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० नंतरच्या एकदोन वर्षांतली. तेव्हापासून जेटीवर चहा पिणाऱ्या प्रत्येक पिढीने त्या पुलावर मत दिलेलं आहे. (त्याच्याही आधी, १६८२ च्या सुमारास, संभाजी महाराजांनी जंजिऱ्यासाठी ह्याच पाण्यात दगडांचा सेतू घालायला घेतला होता. मोगली फौज स्वराज्यावर चालून आल्यामुळे ते काम सोडावं लागलं. त्याला रोलबॅक म्हणायची माझी छाती नाही.)

मग मी मुद्द्यावर आलो. नवं व्हर्जन निघालं की सगळी माणसं एकदम त्याच्यावर घालायची नाहीत. आधी शंभरातली दहा घालायची. पाच मिनिटं बघायचं. अलार्म वाजला नाही तर उरलेली नव्वद. वाजला तर ती दहाही जुन्यावर परत. तेही फायलीत एका ओळीत लिहिता येतं.

चाचांनी बिडी विझवली. “त्या दहा जणांना विचारतोस?”

“नाही.”

“सांगतोस?”

“नाही.”

“म्हणजे नवी बोट, तळ बघितलेला नाही, आणि दहा जणांना न सांगता तीत बसवायचं. बुडाली नाही तर बाकीचे.”

तोवर आमच्याभोवती माणसं जमली होती. फेरीला वेळ होता, आणि दिघीत वेळ असला की माणसं जमायला वेळ लागत नाही. ते दहा कोण असावेत ह्यावर चर्चा सुरू झाली. एकाने जावयांची नावं सुचवली. दुसऱ्याने ग्रामपंचायतीच्या मागच्या बॉडीची. टोपलीवाल्या मावशींचं म्हणणं, बोर्लीपंचतनच्या बाजारात भाव पाडून मागणारे दहा जण त्या एका दमात मोजून देतात. यादी वीस-पंचवीसवर गेली, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. अशी यादी नसते, मी म्हणालो. प्रत्येक खेपेला चिठ्ठी टाकल्यासारखं असतं. एकच माणूस ह्या क्षणी नव्या व्हर्जनवर जाईल आणि पुढचं बटण दाबलं की जुन्यावर येईल. त्याला पत्ताही लागत नाही.

चाचा थोडा वेळ आगरदांड्याकडे बघत राहिले. फेरीबोट येत होती. लोखंडी रॅम्प खरवडत खाली टेकला, शिट्टीवाल्याने हात हलवला, आणि पांढरी जीप उलटी-उलटी बाहेर आली.

“अरे पोरा,” ते म्हणाले, “हा जीपवाला जाताना फेरीने गेला. येताना तू त्याला माझ्या लॉन्चमध्ये टाकलास. तर जीप कुठे?”

मी गप्प झालो. कारण पांढऱ्या फळ्यावर बाण काढून-काढून आम्ही ज्याच्यावर मीटिंगा घेतो, तो प्रश्न हाच. नवं व्हर्जन पावती नव्या पद्धतीने लिहून ठेवतं. पुढच्या खेपेला माणूस जुन्या व्हर्जनवर येतो आणि त्याला ती पावती वाचताच येत नाही. लॉन्चवर मोटरसायकल दोघे-तिघे मिळून फळीवरून चढवतात. जीप चढवायची कुणाची ताकद नाही. म्हणून बोट बदलायच्या आधी सामान दोन्ही बोटींना पेलेल असं बांधायचं, हा नियम. तो पाळायला सांगणारी ओळ यामल फायलीत नाही. ते ज्याचं त्याने बघायचं.

चाचांनी लगेच उपायही सुचवला: लोकांनी जीप घेऊ नये. मावशींचा उपाय, अॅप बंद करावं आणि हाताने पावती फाडावी. दोन्हींना टाळ्या पडल्या.

सोमवारच्या कॉलवर मी विचारलं, की दहा टक्क्यांवर असताना जीप पलीकडे राहिली तर काय करायचं? आधी सगळे म्यूटवर गेले. मग मॅनेजरने विचारलं, हा मुद्दा कुणी काढला? मी म्हटलं, आमच्याकडचे एक सीनियर आहेत, वाहतुकीतले. त्यांना पुढच्या रिव्ह्यूला बोलवायचं ठरलं, गुरुवारी साडेचारला.

संध्याकाळी जेटीवर जाऊन चाचांना निरोप दिला. साडेचारला भरती आहे आणि भाडं आहे, ते म्हणाले. यायचं असेल तर कंपनीने यावं, माणशी तिकीट घेऊन. आणि जीप आणू नये.