कोपनहेगनातली आषाढी

पंढरीची वारी आमच्या आरोग्य केंद्राच्या दारावरून जाते. वारकऱ्यांना विठ्ठल बोलावतो, मला जिल्हा आरोग्य अधिकारी. आषाढ लागला की मी माळशिरस तालुक्यातल्या विहिरी, टँकर आणि हॉटेलांतली पिंपं हुंगत फिरते. क्लोरीनची टीसीएल पावडर पडली का, ओटी टेस्टला पाणी पिवळं होतंय का, पोहे झाकलेत का. लाखो माणसं जाणार आणि एकालाही जुलाब होता कामा नये, असा वरून आदेश. वरून म्हणजे मुंबईहून; विठ्ठल इतका कडक नाही.

यंदा मात्र ऐन आषाढात मी कोपनहेगनला होते. तिथल्या उन्हाळी अभ्यासक्रमाला माझी निवड झाली होती. विषय, जागतिक आरोग्य. रजेचा अर्ज बघून साहेब म्हणाले, "मॅडम, वारीच्या तोंडावर?" मी म्हटलं, "सर, जगाचा प्रश्न आहे." त्यांनी सही केली, पण शिक्का जरा जोरातच मारला.

प्रेक्षणीय स्थळं आधी उरकते, म्हणजे राहिली असं कुणी म्हणायला नको. समुद्रकाठच्या दगडावर बसलेली जलपरी १९१३ सालची आहे आणि उंचीला सव्वा मीटर. शालेय तपासणीत तिसरीतली मुलगी भरते तेवढी. नीहाव्नचा रंगीत धक्का फोटोत आहे तसाच आहे. बाकी शहरभर सायकली. थांबायचं असेल तर हात वर करायचा असतो, हे मला मागून ओरडणाऱ्या एका आजोबांनी शिकवलं. त्यानंतर मी चालत फिरले.

मला खरा धक्का दिला तो नळाने. पाण्याला वासच नाही! पर्समध्ये ओटीचं किट होतं (काही बायका लिपस्टिक ठेवतात). नमुना घेतला, थेंब टाकले, रंग शून्य. आमच्याकडे यासाठी ग्रामसेवकाला नोटीस जाते. वर्गात विचारलं तेव्हा कळलं की डेन्मार्कचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं भूजल. त्याला हवा देतात, गाळतात आणि सोडतात. क्लोरीन सहसा घालतच नाहीत. मी वहीत लिहून घेतलं, आणि पाणी उकळूनच प्यायले.

वर्गात बहुतेक पोरं विशीतली. माझं वय त्यांच्या प्राध्यापकांच्या जवळपास आणि इंग्रजी आमच्या मासिक अहवालाच्या नमुन्यातलं. पहिला तास पानुमवर झाला. पीटर लुडविग पानुम, १८४६ साली नुकताच डॉक्टर झालेला पंचवीस वर्षांचा पोरगा. फेरो बेटांवर गोवराची साथ आली म्हणून सरकारने त्याला पाठवला. तिथल्या ७,७८२ माणसांपैकी सहा हजारांच्या आसपास आजारी. हा घरोघर फिरला, कोण कुणाला कधी भेटलं ते लिहीत गेला, आणि त्यातून संसर्गानंतर अंगावर पुरळ उठायला तेरा-चौदा दिवस लागतात हे काढलं. ज्या म्हाताऱ्यांना १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेला होता, त्यांच्यातल्या एकालाही तो पुन्हा झाला नाही, हेही टिपलं. मी खूश. आमच्या आशाताई हेच करतात, फक्त पानुमसारखी त्यांच्या नावाची इमारत नाही.

दुसऱ्या तासाला जगाचा नकाशा आला. अतिसाराने मरणाऱ्या मुलांचा. आमचा भाग लाल, डेन्मार्क फिकट. नकाशा खरा आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तो पडद्यावर असेपर्यंत चार-पाच माना हळूच माझ्याकडे वळल्या, जणू मी तो लाल रंग सोबत आणलाय.

आणि मग एकादशीला वसतिगृहात सहभोजन ठरलं. प्रत्येकाने आपल्या देशाचा पदार्थ आणायचा. मला उपास. लहानपणापासूनचा, त्यावर चर्चा नाही. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना म्हणून सासूबाईंनी दिलेली कैरीच्या लोणच्याची बरणी टेबलावर ठेवली आणि उकडलेला बटाटा, केळं घेऊन कोपऱ्यात बसले. पोरांनी लोणच्यावर झडप घातली. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, तरी चाललंय. एका डेनिश पोराने तर पावाला लोण्यासारखं लावून अर्धी बरणी संपवली.

जेवणं सातला झाली. नऊच्या सुमाराला जर्मन मुलगी उठून गेली. मग ब्राझीलचा. मग दोघं एकदम, आणि मजल्यावर संडास दोन. बाहेर लख्ख ऊन, कारण जुलैत तिथे सूर्य दहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे अंधाराचा आडोसाही नाही.

सामान्य माणसं अशा वेळी कण्हतात. ही जागतिक आरोग्याची मुलं. अर्ध्या तासात फळ्यावर 'केस डेफिनिशन' लिहिली गेली. चोवीस तासांत तीनदा पातळ शौच, की दोनदा उलटी पुरे? जोरदार वाद झाला, आणि वाद घालणारे मध्येच तोंडावर हात धरून पळत होते. कुणी रुग्णांची लाइन लिस्ट आखली, कुणी प्रश्नावली छापली. 'संशयित पदार्थ' या रकान्यात पहिलं नाव माझ्या लोणच्याचं.

कॅनडाचा एक पोरगा माझ्यासमोर वही घेऊन बसला. फार नम्र.

"हे घरी बनवलंय?"

"हो."

"कुठल्या परिस्थितीत?"

सासूबाईंच्या स्वयंपाकघराची परिस्थिती! ज्या घरात बरणीला ओला चमचा लागला तर सुनेची चौकशी बसते! मी सांगितलं, मीठ, मोहरी, तेल आणि कैरीचा आंबटपणा; यात जंतू वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. त्याने लिहिलं, 'तापमान नियंत्रण नाही.' मग विचारलं, "तुम्ही स्वतः खाल्लं?"

"नाही. माझी एकादशी आहे."

त्याचं पेन थांबलं. बरणी माझी, खाल्लं सगळ्यांनी, मी सोडून. आणि मी ठणठणीत. पांडुरंगाला कोपनहेगनात साक्षीला बोलवायची सोय नव्हती. मला राग आला. टेबलावर डुकराच्या काळजाचा लगदा होता, कच्चा मासा होता, त्यांची 'परिस्थिती' कुणी विचारली नाही. त्यांचा भाग नकाशात फिकट होता ना!

राग ठेवला बाजूला, कारण पोरं सुकत चालली होती. वर्गात ढाक्याची एक नर्स होती, मला दीदी म्हणायची. आम्ही दोघींनी पातेली चढवली. एक लिटर उकळून निवलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तिच्याकडे साठच्या वयाच्या कुठल्याही बाईला हे तोंडपाठ, कारण ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या ऐंशीच्या दशकात दारोदार जाऊन शिकवत होत्या: मूठभर गूळ, तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, अर्धा शेर पाणी. त्याआधी १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून कॉलऱ्याचे मृत्यू तीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आणले. लाल रंगाच्या नकाशातलंच हे औषध. फिकट रंगाची पोरं ते घोट-घोट पीत होती.

सगळ्यात वाईट अवस्था मिनेसोटाच्या मुलीची. वीस-एकवीसची असेल. मी तिच्याजवळ बसून चमच्याने पाणी पाजत होते. मध्येच तिने आईला फोन लावला, घसा साफ केला आणि छान हसऱ्या आवाजात म्हणाली, मी मजेत आहे, पार्टी चाललीय. फोन ठेवला आणि बादलीवर वाकली. माझी मुलगी लातूरला नीटच्या क्लाससाठी होस्टेलवर असते. तीही फोनवर कायम मजेत असते. मी त्या पोरीचे केस मागे धरून ठेवले, आणि बराच वेळ काही बोलले नाही.

मध्यरात्रीनंतर तिला जरा हुशारी आली. बोलता बोलता म्हणाली, टेबलावरची राजम्याची चिली तिने केली होती. आजीची पाककृती. राजमा तासभर भिजवला आणि सकाळपासून स्लो कुकरमध्ये मंद आचेवर ठेवला.

मी विचारलं, "आधी खळखळ उकळला नाही?"

"स्लो कुकरला कशाला उकळायचा?"

कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच दाणे माणूस आडवा करायला पुरतात. उकळलं की ते मोडतं. पण ऐंशी अंशांवर रेंगाळत शिजवलं तर उलट पाचपटीपर्यंत वाढतं. एक ते तीन तासांत उलट्या, मग जुलाब, आणि लागल्यापासून तीन-चार तासांत आपोआप उतार. फळ्यावरच्या वेळा तंतोतंत. तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी?"

"राजमा," मी म्हटलं. "झोप."

सकाळी तक्ता मांडला. लोणचं आजारी पडलेल्यांनी खाल्लं होतं आणि धडधाकटांनीही. चिली मात्र ज्यांनी खाल्ली ते झोपले, नाही खाल्ली ते उभे. अर्धी बरणी चेपणारा डेनिश पोरगा चिलीला शिवलाच नव्हता. तो सकाळी सायकलवर चक्कर मारून आला आणि उरलेलं लोणचं मिळेल का विचारू लागला. मिळालं नसतं. कॅनडाच्या पोराने बरणी पिशवीत घालून 'नमुना १' असं लिहून सील केली होती.

सादरीकरण माझ्याकडे आलं. वारीची सवय, दहा मिनिटांत आटपलं. स्रोत: अर्धवट शिजलेला राजमा. शिजवणाऱ्याचं नाव: रकाना रिकामा. प्राध्यापकांनी विचारलं, माहीत नाही का? मी म्हटलं, आमच्या अहवालात हा रकाना नसतो. असतो, पण त्यांनी आमचे अहवाल कुठे पाहिलेत!

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म आला. 'अभ्यासक्रम अधिक चांगला होण्यासाठी आपण काय सुचवाल?' पोरांनी पानंच्या पानं भरली. मी लिहिलं: वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर ठेवावा, पाच लिटरचा. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, किमान सहा शिट्ट्या कराव्यात. खाली सही केली, आणि शिक्का नाही म्हणून कंसात हुद्दा लिहिला.