फुल डेचं काय घेणार?

तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते आणि डीजेवाल्याचा फोन वाजायचा थांबत नाही. पलीकडचा प्रश्न ठरलेला असतो, "फुल डेचं काय घेणार?" मुरलेला डीजेवाला याला लगेच आकडा सांगत नाही. तो उलटतपासणी सुरू करतो. गाव कुठलं? हळद आदल्या रात्री की त्याच सकाळी? कार्यालय तळमजल्यावर की वर? लिफ्ट आहे का, आणि असली तर चालते का? लाइट कार्यालयाची की जनरेटर आपला? आणि शेवटी, सहज चौकशी केल्यासारखं, "नवरदेवाला भाऊ किती?"

हा शेवटचा प्रश्न आपुलकीचा नसतो. एकच भाऊ असेल तर वरात पाऊण तासात आटोपते. तीन चुलतभाऊ आणि पुण्याहून आलेला मित्रांचा ग्रुप असेल तर मारुतीच्या देवळापासून कार्यालयापर्यंतच्या चारशे मीटरला अडीच तास लागतात. तेवढा वेळ जनरेटर धडधडतच असतो. एका लिटर डिझेलमागे साधारण तीन-साडेतीन युनिट वीज मिळते. म्हणजे भावाभावांचं प्रेम लिटरमध्ये मोजता येतं आणि डीजेवाला ते मोजतो.

खरी भानगड 'फुल डे' या शब्दांशी सुरू होते. वरबापाच्या हिशेबात तो हळदीच्या पहिल्या बोटापासून नवरीने माप ओलांडेपर्यंत चालतो. डीजेवाल्याच्या हिशेबात पहाटे गोडाऊनचं शटर वर करण्यापासून दुसऱ्या पहाटे ते खाली ओढेपर्यंत. त्यात गाणी वाजतात ती चार-पाच तास. बाकीचा वेळ सामान उतरवणं, जोडणं, सोडवणं, पुन्हा टेम्पोत चढवणं आणि वाट बघणं. पत्रिकेत मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा असतो. 12.35 ला नवरदेव वेशीपाशी 'झिंगाट'च्या तिसऱ्या फेरीत असतो आणि मुलीकडचे मांडवात अक्षता मुठीत धरून घामाघूम झालेले असतात. मग मंगलाष्टकांना माइकही डीजेवाल्याचाच लागतो. वरातीतला इको मिक्सरवर तसाच राहिला तर भटजींची प्रत्येक ओळ तीनदा ऐकू येते, आणि शिव्या भटजींना पडत नाहीत.

एकाच सामानाची अशी दिवसात तीनदा हलवाहलव होते. आधी हळदीचा मांडव, मग वरातीचा टेम्पो, मग कार्यालय. दोन 18 इंची स्पीकरचा एक बेस उचलायला चार पोरं लागतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असलं की दर पायरीगणिक चढतो. वरबाप म्हणतो, "दोनच जिने तर आहेत!" तो स्वतः ते जिने मोकळ्या हाताने, मध्ये एकदा थांबून चढलेला असतो.

दराची बोली मात्र सामानाच्या भाषेत होते. 'चार बेस, चार टॉप' एवढं म्हटलं की तालुक्यात सगळ्यांना कळतं. त्यावर लाइट, धूर, एलईडी वॉल हे वेगळं. आणि त्याहूनही वेगळे असतात ते मामा. प्रत्येक लग्नात एक मामा मिक्सरपाशी येऊन सांगतो, "अजून थोडा आवाज काढ की!" मामाचं 'थोडा' फार महाग पडतं. आवाज 3 डेसिबलने वाढवायचा तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट लागते, आणि तेवढी वाढ मामाच्या कानाला जेमतेम कळते. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद. 'आठ बेस, आठ टॉप' सांगून दुप्पट पैसे मोजणाऱ्याला दुप्पट आवाज मिळतच नाही. हे गणित समजावण्यापेक्षा शहाणा डीजेवाला एखादं रिकामं बटण फिरवतो आणि विचारतो, "आता?" मामा समाधानाने मान डोलावतात.

कायद्याचा काटा उलट्या बाजूने फिरतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45. दोन व्याही समोरासमोर बसून मानपानाबद्दल गोडीने बोलले तरी 60 होतात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही दिवस, जास्तीत जास्त पंधरा, ही वेळ बारापर्यंत नेण्याची मुभा राज्य सरकारला आहे, पण ती सण-उत्सवांसाठी. आपल्या बंड्याचं लग्न सरकारदरबारी उत्सवात धरत नाहीत. त्यामुळे 'दहानंतर पण वाजवायचं' असं कुणी म्हटलं की डीजेवाला एकतर हात जोडतो, नाहीतर दर असा सांगतो की समोरचाच हात जोडेल. ऐन हंगामात सिस्टिम पोलीस ठाण्यात जाऊन बसली तर पुढच्या सगळ्या सुपाऱ्या बुडतात. खरं तर इथे सहानुभूती डीजेवाल्यापेक्षा शेजारच्या ब्लडप्रेशरवाल्या आजोबांना मिळायला हवी, पण दर ठरवताना त्यांना कुणी बोलावत नाही.

गाण्यांच्या हक्काचे पैसे सहसा या दरात नसतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना सूट आहे, आणि केंद्र सरकारने 24 जुलै 2023 ला जाहीर सूचना काढून ती पुन्हा सांगितली. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये याच विषयावर परिपत्रक काढलं, ते ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केलं. समुद्रकिनारी लग्न करणाऱ्यांनी हा विषय वकिलावर सोपवावा.

बाकी भाव पंचांग ठरवतं. चांगल्या तिथीला एका सिस्टिमला दहा गिऱ्हाइकं असतात आणि चातुर्मासात गणपती-दहीहंडी सोडली तर बेसवर उंदीर नाचतात. बँकेचा हप्ता बारा महिने सारखाच. त्यात 2026 साली अधिक ज्येष्ठ आला तो 17 मे ते 15 जून, म्हणजे नेमका कमाईच्या दिवसांत. ते नुकसान उरलेल्या तिथींवर चढणारच.

घासाघीस तरीही होते. 35 हजार सांगितले की 28 वर यायचं, हे दोघांनाही ठाऊक असतं. मध्येच साडू निघतो, "आमच्या साडूने मागच्या वर्षी 18 मध्ये केलं." साडूने दिलेला दर आजवर कुणालाही मिळालेला नाही. पक्कं बिल मागावं तर जीएसटीही 18 टक्के निघतो, मग वरबापच म्हणतो, "राहू द्या, आपला विश्वास आहे." तो विश्वास दर उतरेपर्यंतच टिकतो. त्यानंतर बयाणा किती, यावर दोघांचाही एकमेकांवरचा उडतो.

राहिलेल्या बाकीसाठी डीजेवाल्यांचा अलिखित नियम असा, की वरात दारात पोचायच्या आत ती हातात पडली पाहिजे. शेवटचं गाणं थांबलं की ज्याच्याकडे पाकीट आहे तो मामा कुठेच सापडत नाही.

घरात लग्न ठरलं असेल तर बुकिंगच्या वेळी एवढं करा. सुरू आणि बंद व्हायची वेळ कागदावर लिहून घ्या, जिने किती ते खरं सांगा आणि सामान उचलणाऱ्या पोरांना दुसऱ्या पंगतीला तरी बसवा. बाकीची रक्कम त्याच मामाकडे ठेवणार असाल तर मामाचा नंबर आधीच देऊन टाका.